यंत्रातला पहिला मान

एखादं काम का झालं नाही हे कळणं, ते काम होण्याइतकंच मोलाचं असतं. आणि हे सत्य मानवजातीच्या पदरात, उशिरा का होईना, माझ्या हातून पडलं. हे वाक्य मी पुष्कळ खाडाखोड करून तयार केलं आणि आमच्या शुभदाला वाचून दाखवलं. ती घावणे काढत होती. हातातलं उलथनं न थांबवता ती म्हणाली, "ह्यां काय नवीन? घावणो तव्याक धरलो, तर मी आदी बघतंय तवो तापलो नाय काय पीठ दाट झाला. तुमी काय करतास? घावण्यार रागावतास."

मानवजातीचा विषय तिथेच मिटला. तरीही झालेली हकीकत सांगायला हवी, कारण गावात तिची चार निरनिराळी रूपं फिरतायत आणि चारहीमध्ये मीच गाढव आहे. पाचवं रूप माझ्या तोंडून असावं, एवढीच इच्छा. त्यात फार फरक पडेल असं नाही.

गावाचं नाव देत नाही. मसुऱ्याहून मालवणच्या रस्त्याला लागलं की खाडीच्या अलीकडे आमचं आणि खाडीच्या पलीकडे दुसरं, एवढं पुरे. नावावरून पुन्हा कोणाचं आधी आणि कोणाचं नंतर हा प्रश्न निघेल, आणि तो प्रश्न काय करू शकतो ते पुढे येतंच आहे.

आमच्या मुंबईकर मंडळींचं एक ग्रामोन्नती मंडळ आहे. अठ्ठ्याऐंशी सालच्या गणपतीला मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे नुसतं भाई म्हणतात, ते येताना टॅक्सीच्या टपावर एक खोकं बांधून घेऊन आले. खोक्यात कॉम्प्युटर होता. भाईंच्या कंपनीत नवी यंत्रं आली म्हणून जुनं त्यांना मिळालं होतं. त्यांनी ते हायस्कूलला दिलं आणि भाषणात जाहीर केलं, की मार्गशीर्षातल्या जत्रेला मी येईन तेव्हा गावातल्या प्रत्येक घराची माहिती, मूळ पुरुषापासून, वाडीवार, या पडद्यावर दिसली पाहिजे. "नाहीतर," भाई हसत म्हणाले, "यंत्र उचलून खाडीपलीकडच्या शाळेत नेऊन ठेवीन."

टाळ्या पडल्या, पण त्या मध्येच थांबल्या. आमच्या गावात पूर आला, आंबा गेला, मुलगा नापास झाला तर माणूस सावरतो. पण खाडीपलीकडच्या गावाला आपल्या गावची एखादी वस्तू मिळणं म्हणजे जिवंतपणी श्राद्ध जेवण्यासारखं आहे. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी गणिताचा शिक्षक, बी. एस्सी. आणि रत्नागिरीला झालेल्या संगणक-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र बाळगणारा एकमेव इसम. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "होऊन जाईल." आयुष्यातली माझी सगळी संकटं या दोन शब्दांनी सुरू झालेली आहेत. आमचं लग्नही याच शब्दांनी ठरलं होतं, असं शुभदा वालावलच्या माहेरच्या माणसांना सांगते.

यंत्र प्रयोगशाळेच्या अडगळीत बसवलं. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, असा मी नियम केला. धुळीसाठी केला होता. पण माणसं चपला काढल्यावर आपोआप हात जोडायची, ते मला थांबवता आलं नाही. यंत्राला पोटात साठवणीची सोय नव्हती, जे काय लिहायचं ते फ्लॉपी नावाच्या पातळ काळ्या चौकोनी तबकडीवर. आणि तबकडीला खाऱ्या हवेत बुरशी येते. म्हणून ती ठेवायची एका लाकडी कपाटात, ज्यात चोवीस तास एक दिवा जळत असे. ही युक्ती बाबलीची. बाबली गावचा वायरमन आणि आमचा शेजारी. दिव्याची काळजी त्याची, म्हणून कपाटाची किल्ली त्याच्याकडे आणि खोलीची किल्लीही त्याच्याकडे. प्रमाणपत्र मात्र माझ्याकडे.

आता थोडं शास्त्र, कंटाळू नका. फ्लॉपीवर घरांची माहिती अस्ताव्यस्त टाकली तर सापडत नाही. म्हणून आधी कप्पे करायचे. या कप्प्याला डिरेक्टरी म्हणतात. एका वाडीची एक डिरेक्टरी आणि तिच्यात त्या वाडीची घरं. बेसिक नावाच्या भाषेत मी प्रोग्रॅम लिहिला: वरच्या वाडीची डिरेक्टरी कर, तिच्यात शीर, घरं लिही, मग खालच्या वाडीची डिरेक्टरी कर, वरच्यातून थेट तिच्यात शीर, घरं लिही, आणि असंच पुढे. 'कर' म्हटलं की ती होणारच, यावर माझा विश्वास होता. न झाली तर काय, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. तो शिवला असता तर मी शिक्षक झालो नसतो.

जनजागृती म्हणून मी गावातल्या ज्येष्ठांसाठी एक वर्गही चालवला. दिवाळीपूर्वीच्या त्या वर्गात सर्वांत पुढे बसायचे हरिश्चंद्रकाका. वरच्या वाडीचे, देवळातले पहिले मानकरी, बंदरखात्यातून निवृत्त, आणि बोलताना प्रत्येक वाक्याखाली सही केल्यासारखे थांबणारे. खालच्या वाडीचे जयरामदादा यायचे अर्ध्यावर, कारण त्यांचे माड. जयरामदादांच्या वाडीकडे पालखीच्या पुढच्या दांड्याचा मान. पहिला नारळ वरच्या वाडीचा, पुढचा दांडा खालच्या वाडीचा, ही वाटणी कोणी केली हे कोणालाच ठाऊक नाही, पण ती मोडली तर काय होईल हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मी फळ्यावर डिरेक्टरी कशी करायची ते दाखवलं. मग एखादा कागद, म्हणजे फाईल, नाव देऊन कशी ठेवायची आणि यादी कशी बघायची ते दाखवलं. आणि मग विद्वत्तेच्या भरात एक वाक्य जास्तीचं बोललो: "नव्या फ्लॉपीवर जी डिरेक्टरी आधी कराल, ती यादीत वर दिसते."

हरिश्चंद्रकाका म्हणाले, "म्हणजे पयली?"

"पहिली."

"आणि ती थंयच ऱ्हवतली?"

"कोणी पुसली नाही तर तिथेच राहील."

काकांनी मान हलवली. मला वाटलं, विषय समजला. तो समजलाच होता.

त्या संध्याकाळी मी फ्लॉपी स्वतःच्या डोळ्यांनी तपासली. कोरी करकरीत. एकही डिरेक्टरी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शुचिर्भूत होऊन प्रोग्रॅम चालवला, आणि यंत्र पहिल्याच वाडीपाशी थांबलं. पडद्यावर इंग्रजीत उमटलं: पाथ-फाईल ॲक्सेस एरर. म्हणजे वाट किंवा कागद, यांतल्या कशापर्यंत तरी आपल्याला पोचता येत नाही. वाट की कागद, ते नाही. का, तेही नाही. मी सरकारी कचेऱ्यांतून पुष्कळ नकार पचवले आहेत. पण तिथे निदान 'उद्या या' म्हणतात.

आता कोणीही विचारेल, अहो, पुन्हा एकदा यादी का नाही पाहिलीत? का पाहू? आदल्या संध्याकाळी पाहिली होती ना! पाहणं आणि करणं यांच्यामध्ये एक अख्खी रात्र गेली होती आणि त्या रात्रीला पाय असू शकतात, हे गणितात कुठेच येत नाही.

मी बाबलीला बोलावलं. तो यंत्राभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाला, "मास्तरांनू, ह्यां व्होल्टेज. सकाळचो करंट आमच्याकडे बारीक येता. वरची वाडी चढार आसा, थंय चढूक तेका बळ पुरना नाय."

"अरे, वाडी यंत्राच्या आत आहे. चढ कसला तिथे?"

"तां तुमका ठावक. करंटाक काय ठावक?"

खारेपाटणहून एक स्टॅबिलायझर आणवला. तो बसवल्यावर यंत्र पुन्हा तिथेच अडलं; फक्त आता अडताना गुणगुणायचंही.

मग शेजारच्या अक्का आल्या. अक्का आमच्या घरच्या नव्हेत, पण घरात त्यांना न विचारता मीठही बदलत नाही. त्यांनी फ्लॉपी हातात घेऊन वास घेतला. "ओल धरल्यान हेणां," त्या म्हणाल्या. "दिवो कसलो लावतास? उनात घाल. सुंगटा सुकतत, ह्यां सुकाचा नाय?"

मी नको म्हणालो. म्हणून अक्कांनी शुभदाला सांगितलं, आणि तिने बाबलीकडून तबकडी आणवली. दुपारी शाळेतून आलो तर अंगणात चटईवर एका बाजूला सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि दुसऱ्या बाजूला गावचा संपूर्ण संगणकीय ठेवा ऊन खात पडलेला, आणि दोन्हींवर एकच कावळा लक्ष ठेवून. शुभदा काठी घेऊन बसली होती. मी तबकडी उचलली. सुदैवाने ती चालली. मात्र तिला लागलेला वास शेवटपर्यंत गेला नाही. पुढे वर्गातली एक मांजर संगणकशास्त्राकडे वळली, त्याचं कारण हेच.

"अक्का म्हणतत, देवीक गाऱ्हाणा घालूक नाय म्हणान असा होता," शुभदा म्हणाली.

"हे विज्ञान आहे," मी म्हणालो.

"मगे तां तुमका सांगना कित्याक नाय?"

मी जेवायला बसलो.

अखेर मी विज्ञानानेच मार्ग काढला. बेसिकमध्ये एक सोय आहे. चूक झाली तर थांबू नकोस, मुकाट्याने पुढच्या ओळीवर जा, असं यंत्राला आधीच सांगून ठेवता येतं. रत्नागिरीच्या प्रशिक्षणात गुरुजींनी ही सोय शिकवून वर "शक्यतो वापरू नका" असंही सांगितलं होतं. पण परीक्षेला फक्त पहिला भाग होता. मी ती ओळ घातली. आणि काय सांगू! जो प्रोग्रॅम आठवडाभर उंबरठ्यावर अडला होता, तो वरची वाडी, खालची वाडी, मधल्या सगळ्या वाड्या घेत खाडीच्या तोंडापर्यंत एका दमात गेला. तक्रारीचा चकार शब्द नाही. मला धन्य वाटलं. अडचणी ऐकायचं बंद केलं की अडचणी उरत नाहीत, हे राज्यकर्त्यांचं शहाणपण मला त्या दिवशी कळलं.

दिवाळीत रंगीत तालीम ठेवली. खोलीत चपला काढून सगळं गाव, पहिल्या बाकावर एका टोकाला हरिश्चंद्रकाका, दुसऱ्या टोकाला जयरामदादा, मध्ये प्रथेप्रमाणे हवा. मी म्हणालो, "कोणाचंही घर विचारा."

"जयरामचा दाखव," मागून कोणीतरी म्हणालं.

मी नाव टाइप केलं. यंत्राने घरघर केली आणि पडद्यावर जयरामदादांचं घर उमटलं. मूळ पुरुष, त्याचे मुलगे, नातू, सगळं बरोबर. टाळ्या पडणार एवढ्यात वरची ओळ सगळ्यांच्या लक्षात आली. वाडी: वरची.

जयरामदादा उठले. उंच माणूस, आवाज मात्र अगदी खाली. "मास्तर, माझो पणजो वरच्या वाडयेत कधी गेलो?"

"दादा, काहीतरी तांत्रिक—"

"तेच्या पणज्याक आमी कशाक घेव?" हरिश्चंद्रकाका तिकडून म्हणाले. "आमच्या वाडयेत जागा खंय आसा?"

"जागा नाय? आमका तुमची जागा व्हयी काय?"

"मगे इलास कित्याक?"

मी घाईघाईने खालच्या वाडीतलं दुसरं घर काढून दाखवलं. वाडी: वरची. तिसरं. वाडी: वरची. खालच्या वाडीचं एकूण एक घर, गुरांच्या गोठ्यांसकट, मी डोंगरावर नेऊन बसवलं होतं. खोलीतून खालची वाडी उठून गेली आणि जाता जाता जयरामदादा म्हणाले, "जत्रेक पालखीचो फुडचो दांडो वरच्या वाडयेनच धरूचो. आमी आता थंयचेच ना!" नंतर कळलं, की गर्दीत खालच्या वाडीतल्या कोणाच्या तरी चपलाही वरच्या वाडीला गेल्या.

बातमी मुंबईला पोचायला पोस्टखात्याची गरज पडली नाही. भाईंचं पत्र आलं: यंत्रावरून तंटा होत असेल तर जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ते खाडीपलीकडे नेण्याची व्यवस्था करतो. म्हणजे आता यंत्र तर जाणारच, पण पालखीही उठणार नाही, आणि दोन्हींचं श्रेय एकट्या माझं. मी बाजारात गेलो की दुकानदार मापापेक्षा जास्त द्यायला लागले. आमच्याकडे मृताच्या घरच्यांशी असंच वागतात. हेडमास्तरांनी तर मला सहानुभूतीने पी. टी.चे तास दिले.

मग एका दुपारी, अपमानित माणसाला जी तीक्ष्ण दृष्टी येते तिने, मी जी यादी पहिल्याच दिवशी पाहायला हवी होती ती पाहिली. यादीत डिरेक्टरी असेल तर नावाशेजारी तशी खूण असते. 'वरची'शेजारी खूण होती. 'खालची'शेजारी नव्हती. म्हणजे 'खालची' हे नाव तिथे होतं, पण तो कप्पा नव्हताच. तो होता एक साधा कागद. मी तो उघडला. त्यात इंग्रजी लिपीत एकच ओळ: खालची वाडी, पहिली.

मी बाबलीला बोलावून विचारलं, "इथे कोण आलं होतं?"

"हरिश्चंद्रकाका इले तुमच्या वर्गाच्या रातीच. जयरामदादा दुसऱ्या दिसा, सांजवेळेक."

"आणि तू किल्ली दिलीस?"

"माका वाटला, तुमीच अभ्यास दिलास."

सगळं उलगडलं. मी संध्याकाळी फ्लॉपी कोरी बघून घरी गेलो. पाठोपाठ काकांनी येऊन यादीत पहिला मान मिळवण्यासाठी वरच्या वाडीची डिरेक्टरी करून ठेवली. यंत्राचा नकार म्हणजे 'करता येत नाही' असा नव्हताच, 'आधीच आहे' असा होता. आणि ती आधीच असेल तर बिघडलं कुठे? नुसतं आत शिरायचं होतं. उलट जयरामदादा वर्गाला अर्ध्यावर आलेले; त्यांना डिरेक्टरी माहीतच नव्हती, फक्त कागद नाव देऊन ठेवायला येत होता. त्यांनी कागदाला वाडीचं नाव दिलं. आता त्या नावाचा कप्पा होऊ शकत नाही आणि कागदात शिरता येत नाही. पण माझ्या प्रोग्रॅमला चूक झाली तरी बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद. तो बिचारा खालच्या वाडीत जायला निघाला, जाता आलं नाही, बोलता येईना, म्हणून वरच्याच वाडीत बसून खालच्या वाडीची घरं लिहीत सुटला. एकाच नकाराची दोन अगदी वेगळी कारणं, आणि मी दोन्हींवर एकच पांघरूण घातलं होतं.

मी काकांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "मी काय चोरी केलंय? देवळात पयलो मान आमचो. यंत्रात कोणाचो?" जयरामदादांकडे गेलो, तर ते माडाच्या झावळ्या विणत होते. "वरच्यांचा नाव थंय आदीच दिसला," ते म्हणाले. "आमी काय पुसूक नाय. कोणाचा नाव पुसणा पाप. आमी फक्त आमचा घातलाव आणि आत लिवन ठेवलाव, पयली कोणती ती."

एकाने मान घेतला, दुसऱ्याने नोंद करून निषेध केला. दोघांचंही वागणं सज्जनाचं होतं. मूर्खपणा कोणाच्या वाट्याला उरतो ते सूज्ञ वाचकाला सांगायला नको.

मी नवा प्रोग्रॅम लिहिला. यात आधी पाहून मग करणं नाही. पाहणं आणि करणं यांच्या मध्ये आमच्या गावात काहीही होऊ शकतं. सरळ करायला जा. झालं तर उत्तम. नाही झालं तर त्या नावाच्या कप्प्यात शिरून बघ. शिरता आलं तर पडद्यावर म्हण, 'आधीच आहे, हरकत नाही', आणि कामाला लाग. शिरता आलं नाही तर तिथेच थांब, कोणत्या वाडीपाशी थांबलास ते स्पष्ट सांग, आणि एकही घर कुठेही लिहू नकोस. हे मी शुभदाला समजावून सांगितलं.

"म्हणजे दार लोटून बघूचा," ती म्हणाली. "उघडला तर आत जावचा. नाय उघडला तर भायर उबा ऱ्हवान हाक मारूची. शेजाऱ्याच्या घरात शिरान जेवक बसाचा नाय."

"साधारण तसंच."

"आणि ह्याका दोन महिने?"

प्रोग्रॅम झाला, पण यादीत वर कोण हा प्रश्न तसाच होता. मी म्हणालो, अकारविल्हे लावू. त्यावर दोन्ही वाड्या आयुष्यात पहिल्यांदा एकमताने म्हणाल्या, "तां कोणी ठरवल्यान?" शेवटी ठरलं, की देवीला विचारायचं.

देवळात दोन्ही वाड्या समोरासमोर उभ्या राहिल्या. देवीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्यांचा कौल लावला; उजवी पडली की होकार. गाऱ्हाणं घालायचा मान अर्थातच हरिश्चंद्रकाकांचा. त्यांनी हात जोडले.

"बा देवी माये, आज तुझी लेकरां वरची-खालची एक होवन तुझ्या पायाकडे उबी आसत..."

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ म्हणालं.

"ह्या यंत्रात कोणाचो मान कोणाक गेलो आसात, कोणाचा घर कोणाच्या वाडयेत पडला आसात, तां तू सरळ कर..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमचो मास्तर, शिकलेलो आसा, तरी तेका काय कळना नाय. पण तेचा मन साफ आसा. तेका पदरात घे..."

"व्हय म्हाराजा!" हा तिसरा होकार पहिल्या दोहोंपेक्षा पुष्कळ मोठा होता. माझ्या शेजारी उभी असलेली शुभदाही त्यात होती.

वरची वाडी पहिली का, विचारलं, पाकळी हलेना. खालची का, हलेना. सगळे ताटकळले. तेव्हा अक्का मागून म्हणाल्या, "तिचा नाव खंय आसा तेच्यात? तिका इचारा, तुझा घालूचा काय?" काकांनी तसं विचारलं, आणि उजव्या अंगाची पाकळी टपकन खाली आली. यादीत पहिलं नाव देवीचं. त्यानंतर तिच्या पायाशी, नारळाप्रमाणे, वरची वाडी. आणि जत्रेला यंत्र चालू झाल्यावर पहिलं घर दाखवायचं ते, दांड्याप्रमाणे, खालच्या वाडीचं. हे सगळ्यांना इतकं पटलं, की ते मी का सुचवलं नाही असंही एकाने विचारलं.

पुढचं काम समारंभाने झालं. कोरी फ्लॉपी आणली, बिनवासाची. देवीची डिरेक्टरी पुजाऱ्याने केली. वरच्या वाडीची हरिश्चंद्रकाकांनी एका बोटाने केली, एकेका अक्षरानंतर मागे वळून वाडीकडे बघत. खालच्या वाडीची जयरामदादांनी केली. या वेळी खूण आली की नाही ते मी तीनदा बघितलं. बाकीच्या वाड्यांनी आपापल्या केल्या. परिणामी, डिरेक्टऱ्या निर्माण करण्यासाठी मी दोन महिने घाम गाळून लिहिलेल्या प्रोग्रॅमला निर्माण करायला एकही डिरेक्टरी उरली नाही.

जत्रेच्या दिवशी भाई आले. पालखी उठली, पुढच्या दांड्याला खालची वाडी होती. मग सगळे अडगळीच्या खोलीकडे आले, चपला निघाल्या, मी प्रोग्रॅम सुरू केला. तो प्रत्येक वाडीपाशी गेला, डिरेक्टरी करू पाहिली, नकार खाल्ला, आत शिरून बघितलं आणि पडद्यावर लिहिलं: आधीच आहे, हरकत नाही. पुढची वाडी: आधीच आहे, हरकत नाही. माझा प्रोग्रॅम ओळीने प्रत्येक वेळी फसत होता, आणि प्रत्येक वेळी अगदी बरोबर फसत होता. लोकांना ते शब्द इतके आवडले, की शेवटच्या वाड्यांना सगळी खोली यंत्राबरोबर म्हणू लागली. मग जयरामदादांचं घर निघालं. वाडी: खालची. जयरामदादांनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली आणि हरिश्चंद्रकाकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "बरोबर आसा."

भाईंना बाजूला घेऊन मी म्हणालो, "भाई, तुम्ही शब्द दिला होता. आता हे यंत्र खाडीपलीकडच्या शाळेत जाणार नाही ना?"

भाईंनी जत्रेतले चणे तोंडात टाकले.

"तिथे कसं न्यायचं, मास्तर? त्या शाळेत वीज नाही."